वाढत्या अंगाचं शीड

गज्या, आधी माझी तक्रार ऐकून घे. भांडण चालू असताना मधेच उठून जायची रीत नाही. मी पंचवीस वर्षं बुलडाण्याच्या शाळेत पोरांची नाटकं बसवतो आहे. माझ्या नाटकातली पात्रंसुद्धा आपलं वाक्य संपवून मग मरतात. तू मात्र नुसतं "बरं" म्हणालास, दोरीच्या कप्पीत, म्हणजे आपल्या गरारीत, तेल सोडायला वाकलास, आणि विषय तिथंच राहिला. मग तीन आठवडे आपण एकमेकांना फोन केला नाही. चौथ्या आठवड्यात सातवी 'ब'ची हजेरी घेत असताना माझा फोन वाजला. त्या रविवारी मी येणारच होतो, पण हे आता कुणाला पटायचं?

दहाव्याला तुझ्या मावसभावानं मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुमचं न गज्याचं काऊन बिनसलं होतं? धुऱ्याचं काही होतं काय?"

म्हटलं, "नाही हो. वाऱ्यानं बोटीचं चाक फिरते का नाही, याचं होतं."

तो उठून जरा लांब जाऊन बसला.

बिचाऱ्याचं काय चुकलं? आपल्याकडे माणसं शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडतात, पाण्याच्या पाळीवरून भांडतात. समुद्र कुठल्या दिशेला आहे हे विचारलं तर अर्धं गाव मलकापूर स्टेशनाकडे बोट दाखवेल. पण तू बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर फिटर म्हणून राबलास आणि धामणगाव बढ्याला परत आलास. लोकांना वाटलं, आता हा शेत घेणार, निदान ट्रॅक्टर तरी घेणार. तू प्लायवूड घेतलंस. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये चार वर्षं ठोकाठोक चालली. शेवटी अठरा फुटांची शिडाची बोट ट्रॉलीवर चढवून नळगंगेच्या धरणावर नेली, तेव्हा मागून वरातीइतकी माणसं चालत होती.

बोट चालली. त्यात वाद नव्हता. पण तुला नुसती चालायला नको होती. तुला ती आपोआप चालायला हवी होती.

हे खूळ तुझ्या डोक्यात कुठल्याशा परदेशी बंदरात शिरलं. तिथं एक म्हातारा एकटाच लहानशा बोटीतून येताना तू पाहिलास. बोट सरळ येत होती, सुकाणूच्या चाकाजवळ कुणी नव्हतं, आणि म्हातारा पुढं बसून बटाटे सोलत होता. मागच्या टोकाला एक पातळ फळी वाऱ्यात उभी होती आणि तिच्यामुळं चाक जरासं इकडे, जरासं तिकडे, आपलं आपण फिरत होतं. ही गोष्ट मी बुलडाण्याला चहाच्या टपरीवर इतक्यांदा सांगितली, की तिसऱ्या महिन्यात म्हातारा भजी तळायला लागला. तू कपाळाला हात लावलास. "बटाटे सोलत होता बे! भजी तू घातली."

"भज्याशिवाय लोक ऐकत नाहीत."

"अन् तेल कढईतून सांडलं नाही काय?"

"बोट इतकी सरळ चालली होती गज्या, की नाही सांडलं."

तू मला ते यंत्र समजावलंस ते बैलगाडीवरून. "बाजारातून येताना गाडीवान झोपते का नाही? बैल रस्ता सोडतात काय? तसंच हे." मागं वाऱ्यात उभा एक पंखा. बोट ठरलेल्या वाटेवरून जरा ढळली की वारा पंख्याच्या अंगावर येतो, पंखा आडवा होतो. तो आडवा झाला की पाण्यात सोडलेलं एक अरुंद वल्हं थोडंसं पिळतं. पिळलं की वाहतं पाणी त्या वल्ह्याला बाजूला ढकलतं. वल्ह्याच्या दोन दोऱ्या गराऱ्यांवरून चाकापर्यंत आलेल्या. दोरी ओढली गेली की चाक फिरतं, बोट वाटेवर येते, पंखा पुन्हा उभा. वीज नाही, डिझेल नाही, माणूस नाही. जो वारा बोटीला वाट चुकवतो, तोच तिला वाटेवर आणतो.

मी म्हटलं, "बैलाले घर माहीत असते बे. तुह्या पंख्याले नुसता वारा माहीत हाय. वारा फिरला त बोट त्याच्या मागं फिरन."

"फिरू दे. मंग आपण पंखा एक घर फिरवू. चाकाले हात लावाचं काम नाही."

चाकाले हात लावाचं काम नाही. हे वाक्य तू दिवसातून दहा वेळा म्हणायचास. आणि बोट पाण्यात उतरल्यावरच्या पुढच्या चार वर्षांत एकदाही आपला हात चाकावरून सुटला नाही.

आता चाकाचं सांगतो, कारण ते माझं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एका समुद्री नाटकासाठी मी सुताराकडून ते सागवानाचं करून घेतलं होतं. आठ दांडे, मधे पितळी टोपी, वर तीन हात वॉर्निश. तुझ्या बोटीला तू साधा दांडा लावणार होतास, सुकाणूला सरळ जोडलेला. मीच म्हटलं, "दांडा हलवत बसला त लोक म्हणतीन गज्या पाण्यात वखर हाकून राह्यला. जहाज म्हटलं की चाक पायजे!" माझ्या स्कूटरवर मागं बसून, ते चाक गळ्यात हारासारखं घालून तू राजूर घाट उतरलास. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन आपल्याला वाट दिली. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

चाक लागलं आणि पंखा हरला. दांड्याला दोरी सरळ बांधता आली असती. चाकाला फिरवायचं म्हणजे मधे एक रीळ हवं, त्यावर दोरीचे वेढे हवेत, चाकापासून मागच्या टोकापर्यंत गराऱ्या हव्यात, आणि रिळाला खिट्टी हवी. खिट्टी घातली की चाक वाऱ्याचं, काढली की आपलं. तू सगळं केलंस. रीळ म्हणून एक स्टीलचा डबा कापलास. तो तुझ्या बायकोचा, शोभावहिनींचा, तुरीच्या डाळीचा डबा होता, हे मला माहीत होतं आणि मी त्यांच्याच हातचं वरण खाताना तोंडातून ब्र काढला नाही. मैत्री याला म्हणतात.

पण खिट्टी घातली की काय व्हायचं? पहिलं एक मिनिट आपण दोघं श्वास रोखून बसायचो. मग बोटीचं तोंड हळूहळू वाऱ्याकडे वळायचं. पंखा झोपायचा, वल्हं पिळायचं, दोरी ताणायची, चाक कण्हल्यासारखं थोडं फिरायचं आणि थांबायचं. बोट हट्टानं वळतच राहायची. शीड फडफड फडफड करायचं. तू खिट्टी काढून चाक हाती घ्यायचास. परत सरळ, परत खिट्टी, परत वाकडं. चालता चालता बैल मुतला की रस्त्यावर जशी रेघ उठते, तशी आपली रेघ धरणावर उठायची. काठावरून कुणीतरी ओरडायचं, "गजाननभाऊ, दारू बोटीले पाजली काय?"

तू गराऱ्या बदलल्यास. दोरी बदललीस. दोरी सैल पडते म्हणून ताणलीस, ताणली म्हणून चाक जड झालं, म्हणून तेल, म्हणून आणखी मोठा पंखा. आणि मी प्रत्येक रविवारी म्हणत राहिलो, "गज्या, चाक काढ. दांडा लाव." मीच लावायला लावलेलं चाक मीच काढायला सांगत होतो, कारण माझ्या नाटकातल्या सामानानं तुझ्या बोटीची माती केली हे मला दिसत होतं. हे मात्र मी तुला कधी असं सरळ सांगितलं नाही. वरून चेष्टा केली. तू दर वेळी म्हणायचास, "चाक राहीन."

आणि त्या शेवटच्या रविवारी, काठावर ओळखीची पाच-सहा माणसं उभी असताना, मी टाळी मिळवायला वाक्य टाकलं. "तुले बोट चालवाचीच नाही गज्या, तुले लोकांले चाक दाखवाचं हाय!" हशा पिकला. माझी वाक्यं कुठं पडतात हे मला बरोबर कळतं. हे कुठं पडलं तेही कळलं होतं. तू "बरं" म्हणालास आणि वाकून गरारीत तेल सोडलंस.

दहाव्याला मी एक वचन तयार ठेवलं होतं. कावळा शिवला नाही की लोक पुढं होऊन सांगतात ना, मुलीचं लग्न आम्ही करू, म्हाताऱ्या आईला आम्ही बघू. मला खात्री होती, तुझा कावळा अडणार. मग मी गर्दीतून पुढं येणार आणि खणखणीत आवाजात म्हणणार, "गज्या, चाक काढणार नाही!" आदल्या दिवशी मी ते दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. आणि तू काय केलंस? भटजी मागं सरकले नाहीत तोवर कावळा आला आणि अर्धा भात घेऊन गेला. सगळ्यांना बरं वाटलं. माझं वचन तोंडातच राहिलं. एंट्रीच्या आधी पडदा पाडलास लेका!

न मागितलेलं वचन फार जड असतं. मागितलं असतं तर देऊन मोकळा झालो असतो.

चौदा दिवस झाल्यावर वहिनींनी मला बोलावून घेतलं. ओसरीवर किसनराव बसले होते, मलकापूर रोडवर ढाबा आहे ते. माणूस चांगला. त्यांना तुझी बोट हवी होती, ढाब्यासमोर उभी करायला. आत टेबलं टाकायची, लोक बसून शेवभाजी खाणार, फोटो काढणार, चाक धरून पोझ देणार.

"गजाननभाऊचं नाव राहीन वहिनी," ते म्हणाले. "मी पाटी लावतो."

ते गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. हे जे म्हणत होते, आपोआप चालन, ते होणारं हाय काय? का माणूस उगाच चार वर्षं उन्हात तापला?"

मी म्हटलं, "होणारं हाय."

गज्या, चार वर्षं मी याच्या उलट बोललो होतो.

"मंग पोळ्यापर्यंत बघा," त्या म्हणाल्या. "चाकाले हात न लावता या काठावरून त्या काठाले गेली, त बोट पाण्यात राहीन. नाही गेली, त किसनभाऊले देऊन टाकते. काठावर उभी राहून सडण्यापरीस लोकं तिच्यात बसून जेवतीन."

झालं. इतकी वर्षं जो वाद मी जिंकत आलो होतो, तो हरायला मला महिनाही पुरता नव्हता. आणि समोरचा पक्ष मेलेला, म्हणजे दोन्ही बाजू मलाच लढवायच्या!

पुढच्या रविवारी वहिनी पहिल्यांदा धरणावर आल्या. तुझ्या बोटीचं शीड त्यांच्या मशीनवर शिवलेलं, पण पाण्याच्या भीतीनं त्या कधी काठापर्यंतही आल्या नव्हत्या. त्या काठावर उभ्या राहिल्या. मी बोट घेऊन निघालो, खिट्टी घातली, आणि बोटीनं नेहमीसारखं वाऱ्याकडे तोंड फिरवलं. तीनदा केलं, तीनदा तेच. मान खाली घालून परत आलो.

"चाक जड पडते वहिनी. पंख्याच्या दोरीले ओढवत नाही."

त्या भीती विसरून गुडघाभर पाण्यात आल्या, बोटीचा काठ धरून वाकल्या आणि एका बोटानं चाक फिरवलं. "हे जड हाय? माही मशीन याच्यापरीस जड चालते." मग ती दोरी चिमटीत धरून पाहिली. "हा पट्टा लई ताणला त्यायनं. पट्टा इतका ताणला त कोणतीबी मशीन कण्हन. एक बोट दबला पायजे." मग त्यांची नजर रिळावर गेली. "भाऊजी."

"हां?"

"हा माह्या डाळीचा डबा हाय."

मी आभाळाकडे पाहिलं.

"चार वर्षं मी मोलकरणीवर आळ घेतला हो!"

मला वाटलं विषय इथंच संपला. पण त्या शिडाकडे बघत होत्या. तसंच वर चढवलेलं होतं आणि वाऱ्यानं भरत, रिकामं होत होतं. आपण शीड पाहतो ते बोटीतून, खालून. त्यांनी ते समोरून, अंगावर घातलेल्या कपड्यासारखं पाहिलं. आणि हळूच म्हणाल्या, "मागून ढगळ हाय."

"काय?"

"ढगळ हाय. मागून." चेहरा उतरला होता. "माहीच चूक हाय ती. त्यायनं माप देल्लं होतं. पण कापड एक हात उरत होतं, न इतकं चांगलं कापड, कात्री लावाचं जिवावर आलं. शाळेच्या पोरांले शर्ट शिवते तसं शिवलं. वाढत्या अंगाचं."

"वहिनी, बोट वाढत नाही!"

"मले काय माहीत भाऊजी? शेडमध्ये चार वर्षं वाढूनच त राह्यली होती!"

मी काठावरच बसलो आणि हसलो. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. वहिनीही हसल्या, आणि मग पदर तोंडाला लावून नुसत्या उभ्या राहिल्या. हसता हसता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिडाच्या मागच्या अंगाला हातभर कापड जास्त. म्हणजे वारा बोटीचं शेपूट ढकलणार आणि तोंड वाऱ्याकडे वळणार. सतत. एवढ्याशा पंख्यानं त्या हातभर कापडाशी कुस्ती खेळायची म्हणजे किती खेळायची? चाकाचा दोष नव्हताच. दांडा लावला असता तरी बोट वळलीच असती. माझं मत चार वर्षं मोठ्या आवाजात चुकीचं होतं.

शीड घरी नेलं. ओसरीवर पसरलं, तर ओसरी पुरली नाही, अंगणात गेलं. वहिनींनी मापाची टेप घेतली, खडू घेतला, मागच्या काठावरून एक हात आत मोजायला वाकल्या.

"भाऊजी, इकडं या."

कापडावर रेघ होती. सुताराच्या पेन्सिलची, पुसट, पाण्यानं आणि उन्हानं विटलेली. वरपासून खालपर्यंत, मागच्या काठापासून बरोब्बर एक हात आत, छान कमानदार, वीत-वीत अंतरावर बारीक फुल्या. कुठं कापायचं ते तू आखून ठेवलं होतंस. रेघ इतकी जुनी होती, की पहिल्याच वर्षाची असणार. तुला सगळं माहीत होतं. बावीस वर्षं जहाजावर काढलेल्या माणसाला माहीत नसेल तर कुणाला? तू आखलंस आणि कापायला दिलं नाहीस.

वहिनी त्या रेघेवर हात ठेवून बसल्या. "माणसानं सांगावं ना हो," त्या म्हणाल्या. "इतकी काय मी रागीट होते?"

"थोड्या होता," मी म्हटलं.

"शीड शिवलं तवा साऱ्या गल्लीले बोलावून दाखवलं होतं मी. म्हणून नसन बोलले." मग नाक पुसून म्हणाल्या, "तुमच्या चाकाचंबी तसंच."

"माझ्या चाकाचं काय?"

"तुमी दर रविवारी चाक काढ, चाक काढ करत होते. मी म्हणलं त्यायले, काढून टाका ना, भाऊजीच म्हणून राह्यले. त म्हणे, तो नुसता तोंडानं म्हणते. खरंच काढलं त दोन दिवस जेवणार नाही."

गज्या, तू मला ओळखून होतास. दोन नाही, चार दिवस जेवलो नसतो.

मग सगळं उलगडत गेलं. तुला एक मित्र होता, त्यानं हौसेनं चाक दिलं. एक बायको होती, तिनं हौसेनं शीड दिलं. चाकाचं जमवता आलं असतं, पण शिडासकट जमणं अवघड होतं. दोघांपैकी एकाला तरी "तुझं चुकलं" म्हणायला हवं होतं. तू गराऱ्या बदलत राहिलास. चार वर्षं! लोक बोटीला दारुडी म्हणाले, मी तुला दिखाऊ म्हणालो, आणि तू तेल घालत राहिलास. याला मी काय म्हणू? शहाणा म्हणवत नाही. एका वाक्यात काम झालं असतं मूर्खा. पण ते वाक्य न बोलण्यासाठी तू एवढी खटपट केलीस, याचं मला इतकं सुख झालं, की त्या अंगणात मी मोठ्यानं तुला एक शिवी दिली. वहिनींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कात्री घेतली. तुझ्याच रेघेवरून कापलं. एक सूतभरही इकडे-तिकडे नाही.

पोळ्याच्या दिवशी वहिनींच्या घरी सण नव्हता. वर्षाच्या आत कसा असणार? म्हणून त्या सकाळीच मोकळ्या होत्या. पण धरणाच्या काठावर सण भरला होता. पंचक्रोशीतले बैल धुवायला आणलेले, माणसं कंबरभर पाण्यात, शिंगांना रंग लावायचे डबे उघडलेले. किसनराव डोक्यावर रुमाल टाकून एका दगडावर बसले होते. निकाल बघायला आले होते ना.

वहिनी बोटीत आल्या. तुझं नारिंगी जॅकेट घातलं, बंद आवळले, आणि डोळे मिटून मधल्या फळीवर बसल्या. मी एवढंच म्हटलं होतं की तुम्ही काठावर थांबा. त्या म्हणाल्या, "शिवलेला कपडा गिऱ्हाईकाच्या अंगावर पाहिल्याबिगर मी सोडत नसते."

दोरी एक बोट दबेल इतकी सैल केलेली. दोन फालतू गराऱ्या काढलेल्या, उरलेल्यांत मशीनचं तेल. मी पश्चिमेच्या वाऱ्याला बोट आडवी धरली, पलीकडच्या टेकडीखालच्या बाभळीवर नेम धरला, पंखा लावला आणि खिट्टी घातली. हात मागं घेतले.

एक मिनिट. चाक दोन बोटं डावीकडे गेलं. थांबलं. एक बोट उजवीकडे आलं. पंखा जरा लवला, उभा राहिला. बोट जरा वळली, परतली. बाभूळ समोरच होती.

दुसरं मिनिट. तिसरं. मला काय करावं कळेना. इतकी वर्षं चाकावर असलेले हात ठेवायचे कुठं? मी ते मांडीखाली घेतले. काठावरून आवाज आला, "मास्तर, झोपले काय? चाक सोडलं तुमी!"

"बैलाले सुट्टी, चाकालेबी सुट्टी!" दुसरा कुणीतरी ओरडला, आणि सगळा काठ हसला.

निम्मं धरण ओलांडलं आणि वारा फिरला. टेकडीला वळसा घालून तो जरा उत्तरेकडून यायला लागला, आणि बोट, अगदी इमानदारीत, त्याच्या मागं फिरली. तिचं चुकलं नव्हतं. पण बाभूळ बाजूला सरकली आणि नाकासमोर आली पलीकडच्या काठावर बैल धुणारी माणसं. एक पांढराशुभ्र खिल्लारी आमच्याकडे बघत उभा. माझा हात आपोआप चाकाकडे गेला.

"हात नका लावू!" वहिनींचे डोळे टक्क उघडे होते. "हे म्हणत होते ना, पंखा एक घर फिरवाचा? कोणती दोरी?"

"ती लाल. पण वहिनी..."

त्यांनी लाल दोरी ओढली. मागं पंख्याच्या बुडातलं दातेरी चाक कट्कन एक घर सरकलं. पंखा कलला. वल्हं पिळलं. चाक, माझं ते सागवानी आठ दांड्यांचं नाटकी चाक, कुणाचा हात नसताना अर्धा वेढा फिरलं, आणि बोट तोंड वळवून बाभळीकडे निघाली. इतकी सावकाश, इतकी आत्मविश्वासानं, की माझ्या एकाही नटाला तशी एक्झिट जमलेली नाही.

पलीकडच्या काठाचा गाळ तळाला लागला तोवर चाकाला मी शिवलो नव्हतो. शिवायचं म्हटलं असतं तरी मला चाक दिसलं नसतं, डोळ्यांत एवढं पाणी होतं.

परत आलो तसे किसनराव उठून पुढं आले. "मंग वहिनी?"

वहिनी म्हणाल्या, "किसनभाऊ, तुमी ढाब्यासाठी नवी करून घ्या. शीड मी शिवून देईन. मापात."

गज्या, मी हरलो. टपरीवर जाऊन सगळ्यांसमोर सांगून आलो. तुझं बरोबर होतं, चाक वाऱ्यानं फिरतं, आणि लोकांना दाखवायची हौस कुणाला असेल तर ती मला आहे, तुला कधी नव्हती. हे शेवटचं मी तुझ्या समोर म्हणायला हवं होतं, रविवारी नाही तर सोमवारी, शाळेला दांडी मारून. तीन आठवड्यांत एकवीस दिवस असतात आणि राजूर घाट उतरायला अर्धा तास लागतो. हे काही मला कुणी माफ करू नये. पण तुझ्यावर रागही धरवत नाही आता. ज्यानं आपल्या दोन माणसांची हौस मोडू नये म्हणून बोट चार वर्षं वाकडी चालू दिली, त्यानं माझ्या एका वाकड्या वाक्याचं काय केलं असेल? त्यालाही थोडं तेल घातलं असेल आणि पुढच्या रविवारची वाट पाहिली असेल. मी तसंच धरून चालतो. मला तेवढी गरज आहे.

वहिनी शिकताहेत. आधी माझ्याबरोबर, मग मी पुढं पाठ करून बसायचो आणि त्या मागं. मला सूचना द्यायला बंदी. परवा त्या एकट्या निघाल्या. मला काठावर उभं केलं, "तुमी बोलून बोलून वारा पळवता" म्हणून. जॅकेटचे बंद आवळले, शीड चढवलं, टेकडीकडे तोंड केलं, वाकून खिट्टी घातली आणि चाकाकडे पाठ करून पुढं जाऊन बसल्या.

बोट धरणाच्या मध्यावर पोचली. चाक दोन बोटं इकडे, एक बोट तिकडे करत असणार, इतक्या लांबून ते दिसत नव्हतं. शीड मात्र दिसत होतं, भरलेलं, मागं कुठं ढगळ नाही. मी ओरडून चाकाचं विचारलं. वहिनींनी वळून पाहिलं आणि हात हलवला. मग जरा विचार केल्यासारखं केलं, आणि दुसराही हात वर केला.